तेवीस नंबरची गिरणवाली

रोझविथा शेट्झलेने एकतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले होते. ओबरलाउबाखच्या पाणीखात्यात तिचं टेबल खिडकीपाशी होतं, आणि बाटलीत जे दिसतं त्यापलीकडे ती कधी एक अक्षर बोलली नाही. यंदा झऱ्याच्या पाण्याला गोडी आहे असं कुणी म्हणालं, की ही म्हणायची, "चुना वाढलाय." अशी बाई. म्हणूनच तिची ही हकीकत सांगताना जीभ जरा अडखळते.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घर आईवडिलांचं, गिरणीच्या कालव्याला पाठ लावून उभं. सकाळी कॉफीचा एकच कप विसळायचा तिला इतका कंटाळा आला, की शाळेने परदेशी मुलं ठेवून घेण्याबद्दल विचारलं तेव्हा तिने पहिल्या दिवशीच सही करून टाकली. सप्टेंबरात तामता आली. जॉर्जियातल्या कुताइसी गावची, सोळा वर्षांची, दाट भुवयांची, भलती शिस्तीची पोर. जर्मन बोलायची तीही पुस्तकातल्यासारखी. "मी आता भांडी धुवू शकते काय?" असं उभं राहून विचारायची.

"अगं, 'तू' म्हण मला," रोझविथा सांगून थकली. "इथे 'तुम्ही' फक्त पोलिसाला म्हणतात."

"होय. तुम्ही सांगता ते मी लक्षात ठेवीन," तामता म्हणायची.

दर रविवारी चार वाजता मुलीचा फोन वाजे. "देदा!" अशी आईला हाक मारून ती जे सुरू करायची, ते स्वयंपाकघर दणाणून सोडायची. एरवी दबकत बोलणारी ही मुलगी आपल्या भाषेत हसायची, भांडायची, गाणीसुद्धा म्हणायची. पहिल्याच रविवारी आईने पडद्यावरून रोझविथाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं होतं. तामताने खाली मान घालून त्याचा अर्थ सांगितला, "आई म्हणते, जशी पाठवली तशी परत पाठवा."

"सांग तिला, केसालाही धक्का लागणार नाही," रोझविथा म्हणाली होती. आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.

पण डिसेंबर उजाडला आणि पोर मिटून गेली. वर्गातली मुलं खोऱ्यातल्या बोलीत भराभर बोलत, हिला ओ की ठो कळत नसे. संध्याकाळी खोलीतून मुसमुसणं ऐकू येई. शाळेच्या बाई म्हणाल्या, वाटलं तर जानेवारीत परत पाठवू, जूनपर्यंत थांबायची सक्ती नाही. रोझविथाला आपली सकाळ दिसली. पुन्हा तो एकच कप!

मग नाताळच्या सुट्टीत माळ्यावरून जामच्या बरण्या काढताना तामताला तो मुखवटा सापडला.

तिकडच्या लिंडेन झाडाच्या लाकडाचा, तुळतुळीत घासलेला बाईचा चेहरा. गाल रंगवलेले, ओठ जेमतेम हसरे, डाव्या कानाशी टवका उडालेला. सोबत निळ्या-पांढऱ्या चिंध्यांचा घागरा आणि घुंगरांचा पट्टा. ओबरलाउबाखच्या फास्नेटमध्ये, म्हणजे उपवासाच्या आधीच्या त्या धुमाकुळाच्या दिवसांत, अशा अठ्ठावीस गिरणवाल्या निघतात. हा तेवीस नंबरचा होता.

"हा कोणाचा आहे?" तामताने विचारलं. तिने तो चेहऱ्यापाशी धरला होता. कित्येक आठवड्यांनी तिचे डोळे चमकताना दिसले.

"बहिणीचा. ओटिलिएचा. ती गेली लहानपणीच," रोझविथा म्हणाली. आणि लगेच, विचार न करता, "तुला घालायचाय?"

इथेच घोडं पेंड खाणार होतं, कारण मंडळाचा नियम कडक. गिरणवालीचा मुखवटा घालायचा तर गावात जन्म तरी हवा, नाहीतर वीस वर्षं राहिलेलं तरी हवं. शिवाय दरवर्षी सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, 'पांढरा घोडा' नावाच्या खाणावळीत मुखवटे झाडतात. वहीवाला नंबर पुकारतो. घालणारी उठून आपलं नाव सांगते, तिला जमत नसेल तर घरचं कुणी सांगतं. मग घोड्याच्या केसांच्या ब्रशाने मुखवट्यावरून तीनदा हात फिरवतात आणि म्हणतात, "ऊठ." त्या नावाने तो मुखवटा वर्षभर जागा. दुसऱ्याचं नाव सांगून झाडून घ्यायचं नाही. का, ते कुणी विचारत नाही, कारण तसं कुणी करतच नाही.

रोझविथाने केलं.

वहीवाला फ्रीडबर्ट चाळिशीचा, ढेरपोट्या, बिअरचा मग वहीवरच ठेवणारा माणूस. "तेवीस?" तो ओरडला. "अरे वा, तेवीस नंबर! हिला आमच्या जन्माआधीपासून झोप लागलीय. कोण घालणार?"

रोझविथा उठली. तामताचं नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे नकार मिळाला असता आणि पोर विमानात बसली असती. "ओटिलिए," ती म्हणाली.

"पुतणी वाटतं? बरं झालं. नाव तर इथे आहेच लिहिलेलं," फ्रीडबर्ट म्हणाला आणि त्याने ब्रश उचलला. "ऊठ, ऊठ, ऊठ!"

कोपऱ्यातल्या टेबलावरून बेकरीवाल्या गेर्लिंडेने मान वळवली. ती ओटिलिएच्या वर्गातली. बाहेर पडताना तिने रोझविथाचा दंड धरला. "बया, कुणाचं नाव दिलंस हे?"

"वहीपुरतं गं. पोरीला जरा नाचू दे की."

"वहीपुरतं!" गेर्लिंडे म्हणाली. "तू पाण्यात जंतू बघत जन्म काढलास, तुला काय सांगायचं."

पहिली छोटी मिरवणूक जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी निघाली. थंडी कडाक्याची, बॅन्डवाल्यांच्या पिपाण्या गोठलेल्या. रोझविथा बेकरीच्या पायरीवर गेर्लिंडेशेजारी उभी राहून तेवीस नंबर शोधत होती. सापडली. छान नाचत होती पोर. बाकीच्या गिरणवाल्या तालावर नुसत्या उड्या मारत होत्या आणि ही दोन पावलं पुढे, एक मागे, मग टाच आपटून गिरकी, अशी चालली होती.

"हे तू शिकवलंस?" गेर्लिंडेने विचारलं.

"मी कशाला? मंडळातल्या मुलींनी शिकवलं असेल."

"त्यांना कुठे येतंय! जुना बॅन्डमास्तर वारला तेव्हाच ही चाल बंद झाली. आम्ही शाळेत होतो तेव्हा." गेर्लिंडेने हातातली क्युखले, फास्नेटची तळलेली गोड पुरी, तशीच पिशवीत टाकली. ती खाणं अर्धवट टाकणारी बाई नव्हती.

रोझविथाने घरी जाऊन चौकशी केली. "मला ठाऊक नाही," तामता म्हणाली. "आतमध्ये घुंगरांचा आवाज फार मोठा असतो. पाय आपले आपण चालतात." ती हसत होती, गाल लाल झाले होते. त्या रात्री खोलीतून मुसमुसणं ऐकू आलं नाही. शाळेच्या बाईंना सोमवारी कळवून टाकलं, मुलगी राहतेय जूनपर्यंत. रोझविथाला इतकं हायसं वाटलं की नाचाच्या चालीचा तिने पुन्हा विचार केला नाही.

फेब्रुवारीत दर शनिवार-रविवारी शेजारच्या कुठल्या ना कुठल्या गावात मिरवणूक असायची. बस घेऊन जायची, घेऊन यायची. एका रविवारी दुपारी रोझविथा बटाटे सोलत होती. मागच्या दारावर ठकठक झाली.

आता हे मागचं दार. कालव्याच्या बाजूला एक पायरी, मग दार. ते कित्येक वर्षांत उघडलेलं नव्हतं. रोझविथाच्या लग्नानंतर तिथे बरण्यांचं कपाट उभं केलं होतं आणि गावात कुणाला तिथे दार आहे हेही आठवत नव्हतं. ठकठक कपाटाच्या पाठीमागून आली, तीही खालून, गुडघ्याइतक्या उंचीवरून. पायरीवर बसलेल्या माणसाने हात मागे करून ठोठावावं तशी.

तिने सुरी खाली ठेवली.

ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. ती चौदा वर्षांची होती. त्या वर्षी आजीचा मुखवटा ओटिलिएला मिळाला आणि हिला नाही. फास्नेटच्या मंगळवारी आईवडील खाणावळीत होते. ओटिलिए कालव्यात घसरून चिंब भिजून घरी आली, मागच्या दाराने. रोझविथाने रागाच्या भरात कडी घातली होती. "रोझले, उघड गं, थंडी वाजतेय," असं बाहेरून येत राहिलं. हिने उशी कानावर घेतली आणि झोप लागली. वडील घरी आले तेव्हा ओटिलिए पायरीवर बसलेली होती, मुखवटा तसाच तोंडावर. तीन आठवड्यांत न्यूमोनियाने गेली. कडी आपोआप पडली असेल, असं वडील म्हणाले. ओटिलिए काहीच म्हणाली नाही.

रोझविथा पुढच्या दाराने धावत बाहेर गेली आणि घराला वळसा घालून मागे आली. पायरीवर तामता बसली होती. मुखवटा मांडीवर.

"अगं, इथे काय करतेस?"

तामताने वर पाहिलं. ती गोंधळलेली दिसली. "मी... नेहमी इथूनच येते ना?" मग स्वतःच उठून उभी राहिली आणि म्हणाली, "क्षमा करा. मी थकलेली आहे."

चार वाजता आईचा फोन आला. तामताने नेहमीची हाक मारली, पण पुढचं बोलणं थांबत थांबत चाललं होतं. मध्येच ती एखादा शब्द शोधत छताकडे बघायची. आई पडद्यावर भुवया उंचावून काहीतरी विचारत राहिली. पाच मिनिटांत फोन बंद झाला.

"घसा बसला आहे," तामता म्हणाली.

सहा महिने परक्या भाषेत राहिलं की आपली जरा गंजतेच, असं रोझविथाने स्वतःला बजावलं. पण तिला झोप येईना.

फास्नेटचा मोठा गुरुवार आला. त्या दिवशी गिरणवाल्या दुकानांत शिरतात आणि माणसांना 'विंचरतात'. म्हणजे आवाज बदलून, अरे-तुरे करून, वर्षभरात त्याने काय काय भानगडी केल्या ते तोंडावर सांगायचं. मेयर असो नाहीतर पाद्री, सगळ्यांनी निमूट ऐकून हसायचं. रोझविथा बेकरीत पावाच्या रांगेत असताना घुंगरं वाजली आणि तेवीस नंबर आत आली.

रोझविथाला वाटलं, पोरीची फजिती होणार. पुस्तकी जर्मन बोलून कोण कुणाला विंचरणार?

गिरणवाली थेट गल्ल्यापाशी गेली आणि कोपर टेकून उभी राहिली. "काय गं गेर्लिंडे," असा किनरा आवाज आला. "केस बरे पातळ झाले की तुझे! माझी हिरवी रिबीन आता कशावर बांधतेस?"

रांगेतले लोक खो खो हसले. खोऱ्यातली बोली होती, अस्सल, आता म्हातारीच माणसं बोलतात तसली. "अरे, पोरगी तयार झाली!" कुणीतरी म्हणालं.

"उद्या देते म्हणालीस," मुखवटा म्हणाला. "गाण्याच्या तासाला नेलीस. किती उद्या झाले गं?"

गेर्लिंडे हसली नाही. तिच्या हातातला चिमटा खाली पडला. ती आत निघून गेली आणि तिच्या सुनेने रांग पुढे सरकवली. गिरणवाली वळली, रोझविथासमोरून गेली, आणि जाता जाता तिने मान किंचित तिरकी केली.

दुपारी गेर्लिंडे घरी आली, अंगावर पिठाचा एप्रन तसाच. "रिबिनीचं तू सांगितलंस तिला?"

"मला कुठलं माहीत असणार?"

"खरंच. कुणालाच माहीत नव्हतं." गेर्लिंडे खुर्चीत बसली. "रोझविथा, मुखवटा काढून घे तिच्याकडून. आजच."

"काढते." रोझविथा म्हणाली. "आल्या आल्या काढते."

पण तामता आली ती हसत, गुणगुणत, आणि पहिल्यांदाच तिने रोझविथाच्या गळ्यात हात टाकले. "भूक लागलीय मला. काय केलंयस तू?" ती म्हणाली. 'तू' म्हणाली! इतके महिने जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकून रोझविथाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. मुखवट्याचं ती काही बोलली नाही. मंगळवारी सगळं संपतंच आहे, पाचच दिवस राहिलेत, असा तिने हिशेब केला. ही तिची दुसरी चूक.

रविवारी चार वाजता फोन वाजला तेव्हा तामता झोपली होती. वाजून वाजून बंद झाला.

सोमवारी मात्र रोझविथाने मुखवटा कपाटात घालून कुलूप लावलं. मंगळवारी संध्याकाळी ती डुलकीतून उठून बघते तर कुलूप जागच्या जागी, कपाट रिकामं, आणि तामता घरात नाही.

ती तशीच कोट चढवून बाजारचौकात पोचली. गर्दी मी म्हणत होती. "नारो! नारो!" अशी फास्नेटची आरोळी, कागदी तुकड्यांचा पाऊस, सॉसेजचा धूर. नियम असा, की सहाची घंटा झाली की मुखवटे उतरायचे. घंटेनंतर मुखवटा कुणी तोंडावर ठेवत नाही. सहाला दहा मिनिटं होती.

"तेवीस कुठेय?" तिने फ्रीडबर्टला गाठलं. "फ्रीडबर्ट, माझं नाव चुकलं. वहीत बदल. तामता लिही, तामता!"

"आता?" तो हसला. "वही तीन राजांना उघडते, पुढच्या वर्षीच्या. घे, एक घोट घे, काकू. रडतेस कशाला?"

गर्दीतून घुंगरं वाजली.

तेवीस नंबर तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नाचत नव्हती. घागऱ्यातून पाणी टपटपत होतं. आभाळ कोरडं होतं.

"रोझले," ती म्हणाली. आवाज किनरा नव्हता, साधाच होता. "मी कुणाला सांगितलं नाही हं. कडीचं."

रोझविथाने मुखवट्याकडे हात नेला. तिला रोझले म्हणणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं.

"तामता," ती म्हणाली. "तामता, बाळा, काढ ते."

"थंडी वाजतेय गं," मुखवटा म्हणाला, आणि मागे सरून गर्दीत मिसळला.

सहाची घंटा वाजू लागली. चौकभर मुखवटे उतरले. लालबुंद, घामेजलेले, ओळखीचे चेहरे. रोझविथाने एकेक मोजला. सत्तावीस.

ती धावत सुटली. साठीची बाई, बर्फाळ रस्ता. घरात शिरली तेव्हा अजून घंटेचा शेवटचा नाद हवेत होता.

मागच्या दारावर ठकठक चालली होती. खालून.

क्षणभर ती उभी राहिली. उघडावं की नाही, तिला कळेना. एकदा उघडलं नव्हतं, त्याचं काय झालं ते माहीत होतं. आणि बाहेर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसली होती, गारठ्यात.

तिने कपाट ओढलं. बरण्या फुटल्या. गंजलेली कडी दोन्ही हातांनी हिसकली.

"आत ये," ती म्हणाली. "ये गं, आत ये. चुकलं माझं."

पायरीवर बसलेली आकृती उठली आणि उंबरठा ओलांडून आत आली. रोझविथाने मुखवटा वर केला.

तामताच होती. दाट भुवया, निळे पडलेले ओठ, डोळे अर्धवट मिटलेले. श्वास चालू होता. रोझविथाने तिला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. कोरडे कपडे घातले, गरम दूध पाजलं, उशाशी बसून सगळं सांगून टाकलं, कडी, उशी, झोप, सगळं. पोर शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने रोझविथाचा हात थोपटला आणि ती झोपली.

राखेचा बुधवार, उपवासाचा पहिला दिवस, निरभ्र उजाडला. तामताला ताप नव्हता, खोकला नव्हता. रोझविथाने दोनदा थर्मामीटर लावून पाहिला. मग काच झाडली, मुखवटा फडक्यात गुंडाळून मंडळाच्या कचेरीत नेऊन दिला आणि येताना पाव आणला. स्वयंपाकघरात मुलगी टेबलाशी बसली होती. तिने कॉफी केली होती. दोन कप मांडले होते. रोझविथाच्या आईच्या जुन्या फडताळातले, निळ्या फुलांचे. रोझविथाने ते कधी वापरायला काढले नव्हते.

फोन वाजला. बुधवार होता, तरी तामताच्या आईला राहवलं नसणार.

"घे गं," रोझविथा म्हणाली. "काळजीत असेल ती."

मुलीने फोन उलटसुलट करून पाहिला. रोझविथाने पुढे होऊन बटण दाबून दिलं. पडद्यावर बाईचा चेहरा आला, रात्रभर जागलेला. तिने भरभर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता हसली, मग डोळे पुसले, मग काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं.

मुलगी लक्ष देऊन, अदबीने ऐकत होती.

"रोझले," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ही बाई का रडतेय गं?"

पडद्यावरच्या बाईचं बोलणं थांबलं. मग ती मोठ्याने हाक मारू लागली, "तामता! तामता!"

मुलीने कप खाली ठेवला, आणि ती बाई कुणाला बोलावतेय ते पाहायला मागे वळून बघितलं.